गजवैद्याचा निरोप

पूर्वी कुसुमावती नगरीवर भद्रसेन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मला होता आणि पालित या नावाने राजाच्या हत्तीशाळेत गजवैद्य होता.

हत्तीशाळेची जमीन कायम ओली असे. चिखलात उभे राहून हत्तींचे तळवे कुजत. पालित मलम लावी, जखम भरे, पुन्हा चिघळे. दगडी फरशी घाला, असे सांगून सांगून त्याची जीभ झिजली. अकरा वर्षे अमात्याचे एकच उत्तर, "पाहू."

अशात शालिपुराच्या राजाचे बोलावणे आले. तिथली हत्तीशाळा दगडी होती. विटलेला पालित निरोप मागायला दरबारात गेला, तर एकाएकी सगळ्यांना त्याची थोरवी आठवली! राजाने दुप्पट वेतन, पालखी आणि 'गजवैद्यशिरोमणी' ही पदवी देऊ केली.

"महाराज, फरशीचे काय?"

"ते पुढे पाहू. पालखी कोणत्या रंगाची हवी, ते बोला."

पालिताने कपाळाला हात लावला.

घरी बायको सुमना म्हणाली, "अहो, घ्या की पालखी! चिखल काय कमी तुडवलात?"

"अगं, मला पालखी मिळेल, पण हत्ती चिखलातच राहतील ना!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. "महाराज, वेतन आहे तेवढेच असू द्या. पालखी नको, पदवी नको. त्या खर्चात फरशी घाला. शालिपुराला मी नकार कळवतो."

अमात्य हसला. "वैद्यबुवा, जनावरांच्या पायाखाली कोणी धन अंथरतो का?" राजानेही मान डोलावली.

यांना आपण हवे आहोत, आपले सांगणे नको, हे पालिताला कळून चुकले. संताप गिळून तो म्हणाला, "मग मी शालिपुराला जातो. चिखलाने लंगडे झालेले तीन हत्ती तरी मला द्या."

"खुशाल न्या! नुसता चारा खातात."

दोन दिवसांच्या वाटेला नऊ दिवस लागले. दर मुक्कामी पट्ट्या बदलत, चरफडत, पण हत्तींच्याच चालीने पालित शालिपुरास पोहोचला. वर्षभरात तिघेही ठणठणीत झाले. कुसुमावतीत मात्र नव्या वैद्याने पालखी घेतली आणि चिखलात पाऊल टाकले नाही. हत्तीशाळा ओस पडली.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, आजारी भिक्षूंच्या गळक्या छपराला 'पाहू' म्हणून मला रेशमी आसन देणारा धनिक श्रेष्ठी, तोच तेव्हाचा भद्रसेन. त्याचा कारभारी हा अमात्य, श्रेष्ठीची पत्नी ही सुमना, आणि पालित मीच होतो. आपला मान वाढत असतानाही दुसऱ्याची वेदना डोळ्यांआड होऊ न देणे, हीच करुणा."