वानराचं काळीज आणि पोटातले जंतू

देवळांपुढे पेढ्यांची दुकानं नुकतीच लागू लागली होती, तेव्हाची गोष्ट. डोंगरावरच्या देवळापाशी एक वानर राहायचा. त्याच्या काळजाला स्वतःचा भारी अभिमान. "मी आहे म्हणून हा फांद्यांवरून उडतो," असं ते येताजाता रक्ताला ऐकवायचं.

एके दिवशी मात्र साध्या उडीला काळजाची दमछाक झाली. रक्तवाहिन्यांत चिकट राड साचली होती.

"ही घाण कुणाची?" ते रक्तावर खेकसलं.

"पोटातल्या जंतूंकडून येते."

"मग त्या फुकट्यांना सांग, चालते व्हा!"

रक्त निरोप घेऊन गेलं आणि उत्तर घेऊन आलं. "काळीजदादा, आम्ही इथले स्वयंपाकी. पाला आला की त्याचा रस करून धाडायचो, तुमच्या वाटा मोकळ्या राहायच्या. हल्ली नुसते पेढे येतात. पाल्यावर जगणारे आमचे भाऊबंद उपाशी मेले. उरलेल्यांच्या हातून राडच होते. तरी काल चुकून एक पान आलं, त्याचा रस तुम्हालाच पाठवलाय."

काळीज वरमलं. पेढा दिसताच आनंदानं धडधडून वानराला खाली कोण उतरवतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि ज्यांनी कधी उजेड पाहिला नाही, ते अंधारात उपाशीपोटी त्याच्यासाठी रांधत होते!

दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेढा पुढे केला. काळीज जागचं हललं नाही. मग पिंपळाची कोवळी पालवी दिसली, तसं ते असं उसळलं की वानर थेट शेंड्यावर पोचला.

पहिलं पान पोटात उतरलं. काळीज अदबीनं म्हणालं, "मंडळी, आधी तुम्ही जेवा."