ढोलीतल्या गांधीलमाश्या

एका डोंगराच्या पायथ्याला एक लाकूडतोड्या राहायचा. एकटाच. बायको जाऊन चार पावसाळे झाले होते, मूलबाळ नव्हतं. हाकेच्या अंतरावर एका कुंभाराचं घर होतं, पण त्या दोघांची बोलचाल बंद होती.

भांडण म्हणावं तर एवढंसं. कुंभाराच्या गाढवांनी लाकूडतोड्याच्या परसातला वाल खाल्ला आणि शब्दाला शब्द लागला. पुढे लाकूडतोड्याची बायको गेली, तेव्हा कुंभार दाराशी आला होता. लाकूडतोड्याने तोंड फिरवलं. कुंभार आल्या पावली परत गेला. तेव्हापासून लाकूडतोड्या दिवसच्या दिवस कुणाशी बोलत नसे. कधी चुलीपाशी बसून "आज ओली आहेत हं लाकडं" असं काहीतरी पुटपुटे आणि स्वतःच्याच आवाजाने दचके.

एकदा ओढ्याकाठी त्याला वाऱ्याने पडलेलं ऐनाच्या झाडाचं खोड दिसलं. चांगलं खडखडीत वाळलेलं. शेंड्याकडचे दोन ओंडके त्याने तोडले, फोडले. मग बुंध्याजवळ घाव घातला, आणि आतून घुमल्यासारखा आवाज आला. खोडाच्या ढोलीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. बघता बघता त्या त्याच्या तोंडावर, मानेवर, पाठीवर, हातांवर तुटून पडल्या. तो ओरडत पळत सुटला आणि ओढ्याच्या पाण्यात जाऊन पडला.

कसाबसा घरी आला. एक डोळा मिटून गेला होता, ओठ सुजले होते, अंगात ताप भरला होता. माठ चार पावलांवर होता, पण उठवेना. पाठीवरच्या डंखांना चुना लावायचा, तर हात पोचेना. तो तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला फडकं गुंडाळून तो अंगणात बसला होता. तेवढ्यात कुंभार खांद्यावर कुऱ्हाड टाकून ओढ्याकडे जाताना दिसला. भट्टीला सरपण हवं असणार. वाळलेलं खोड त्याच्याही नजरेत भरलं असणार.

लाकूडतोड्या बसून राहिला. 'मी काही त्याला तिकडे धाडलं नाही,' तो मनाशी म्हणाला. 'मला कोण आलं सांगायला? कळू दे त्यालाही.'

कुंभार उतार उतरू लागला. एक पाय ओढत होता. त्याचा गुडघा कधी गेला, हे लाकूडतोड्याला माहीतच नव्हतं. ह्याला तर पळताही यायचं नाही.

लाकूडतोड्या उठला. आधी चालला, मग धावू लागला. तो पोचला तेव्हा कुंभाराने कुऱ्हाड उचललीच होती.

"थांब. त्याला हात लावू नको."

"का? रान तुझ्या एकट्याचं आहे?" कुंभाराने वळूनही पाहिलं नाही.

बोलायची सवय मोडलेली, त्यात ओठ सुजलेले. शब्द फुटेनात. लाकूडतोड्याने तोंडावरचं फडकं सोडलं.

"इकडे बघ," तो म्हणाला. "ढोलीत गांधीलमाश्या आहेत."

कुंभार वळला. त्याने कुऱ्हाड हळूच खाली घेतली. दोघे पावलांचा आवाज न करता मागे सरले आणि लांब एका आंब्याखाली येऊन बसले.

"काल तुझं ओरडणं ऐकलं मी," कुंभार म्हणाला. "उठलोही होतो. मग वाटलं, आपण गेलेलं त्याला चालायचं नाही. परत बसलो."

लाकूडतोड्या जमिनीकडे बघत राहिला.

"चाललं असतं," तो म्हणाला.

कुंभाराने त्याला आपल्या घरी नेलं. पाठीवरच्या एकेका डंखाला चुना लावला, गरम पेज पाजली. मधली वर्षं काही कुणाला परत मिळाली नाहीत. पण पुढे एका घरातून हाक आली, की दुसऱ्या घरातून लगेच 'ओ' येई.

तात्पर्य: अबोल्यात दोघेही एकमेकांच्या हाकेची वाट बघत असतात; जो आधी हाक मारतो, तो दोघांनाही वाचवतो.