भिवा जिनगराचा कागदी पडदा

त्या वर्षी श्रीविश्राम महाराजांचा मुक्काम धामणवेढ्यास होता. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या वळणावर वसलेले ते गाव. गावाबाहेर दत्ताचे देऊळ होते. गाभारा दगडी, त्यापुढे लाकडी खांबांचा सभामंडप आणि बाजूला एक जुना औदुंबर. महाराज त्या औदुंबराखाली येऊन बसले, ते चातुर्मास सरला तरी उठले नाहीत. कुणी विचारले, "महाराज, पुढे कधी निघायचे?" तर म्हणत, "इथले अजून पाहून झाले नाही रे."

आणि खरोखरच महाराजांना पाहण्याची फार हौस! ज्यांच्या दर्शनाला लांबलांबून माणसे यायची, ते स्वतः कुंभाराच्या चाकापाशी जाऊन बसत, तेलघाण्याच्या बैलामागून फेऱ्या घालत आणि विचारत, "हे असे का?" भक्तहो, ज्यांना सारे ठाऊक, त्यांना लेकरासारखे प्रश्न का पडावेत? हे कोडे आम्हाला तरी अजून सुटलेले नाही.

असेच एकदा फिरत फिरत महाराज जिनगर आळीत भिवाच्या दारापाशी थांबले. भिवाचे वाडवडील घोड्यांची खोगिरे करीत. पुढे दारची घोडी गेली, खोगिरांचे कामही गेले. भिवाच्या हाती उरली ती कात्री आणि कागद. गणपतीची मखरे, दिवाळीचे आकाशकंदील, संक्रांतीला तिळगूळ घालून द्यायच्या रंगीत पेट्या, असे सारे तो कागदातून करी. सासरी गेलेल्या लेकीला सणाचा निरोप धाडायचा असला, तर आयाबाया भिवाकडे येत. तो निरोपाच्या कागदाला कडेने कमळे आणि राघू कातरून देई. लेकी तो कागद भिंतीला लावून ठेवीत आणि वर्षभर माहेर पाहत.

महाराज दारात दिसताच भिवा धडपडून उठला. त्याची बायको यमुना पाट आणायला धावली. महाराज म्हणाले, "पाट नको. बस तू. ते घडी घातलेले काय आहे, ते आधी सांग."

"कागद आहे, महाराज."

"ते दिसते आहे. घडीत काय आहे?"

भिवा हसला. "अजून काही नाही. आता कातरतो."

तो कात्री चालवू लागला. कागदाचे बारीक तुकडे महाराजांच्या पायांवर पडत होते आणि महाराज वाकून वाकून पाहत होते. "पान आहे का? नाही? मग शिंग दिसते. गाय ना?" भिवा काही सांगेना. शेवटी त्याने घडी उलगडली. मध्ये औदुंबर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मान वळवून उभ्या असलेल्या दोन गाई!

महाराजांनी टाळी वाजवली. "तू तर एकच गाय कातरलीस. ही दुसरी कुठून आली?"

"घडीमुळे येते, महाराज."

"म्हणजे ही तू कातरली नाहीस?"

भिवा विचारात पडला. "तसं म्हटलं तर… नाही."

"मग कुणी कातरली?"

भिवाने डोके खाजवले. सारा जन्म कागद कातरण्यात गेला, पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. महाराज उठता उठता म्हणाले, "भिवा, यंदा दत्तजन्माला गाभाऱ्याच्या दारातला पडदा तू कर. सगळा कागदाचा."

धामणवेढ्याची रीत अशी, की मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सांजवेळी गाभाऱ्याच्या दारावर पडदा सोडायचा. आत पाळणा. पाळण्यापाशी गावातली सर्वांत वडील सुवासिनी किंवा आजी एकटी बसे आणि दोरी ओढी. बाहेर सारे पाळणा म्हणत. जन्माची वेळ झाली, की पडदा सरकवून गुलाल उधळायचा. त्या पडद्याचा मान पिढ्यान् पिढ्या रंगनाथशेठच्या घराण्याकडे होता. शेठचे कापडाचे मोठे दुकान. मनाने ते वाईट नव्हते, पण कापडाचा त्यांना भारी अभिमान. पागोट्याला हात लावून माणसाची किंमत सांगत.

महाराजांचा निरोप कळताच शेठ औदुंबराखाली आले. "महाराज, मी मखमलीचा पडदा मुद्दाम सुरतेहून आणवला आहे. जरीची किनार आहे."

"मग तो छान असणार," महाराज म्हणाले. "तो मंडपाच्या दाराला लाव. गाभाऱ्याला मात्र भिवाचा."

महाराजांचा शब्द मोडणार कोण? शेठ परत गेले. पण मनातून ते धुमसत होते. त्यांनी सभामंडपाला आतून रेशमी छत ताणले, खांबांना रेशीम गुंडाळले आणि छताखाली मोठमोठे काचेचे दिवे टांगले. गाभाऱ्याला माझी मखमल नको म्हणतात तर मंडपच असा सजवू, की माणसांची नजर पुढे जाणार नाही, असा त्यांचा बेत.

इकडे भिवा आणि यमुना पडद्याच्या कामाला लागले. यमुना खळ शिजवून कागदाला कागद जोडी. भिवा नाम घेत कातरी. औदुंबर झाला, गाई झाल्या, चार वेद म्हणून दत्तापुढे असणारी चार कुत्री झाली, वर मोरांची रांग झाली. सगळी जाळीच जाळी. मागे दिवा ठेवला, की पडद्यातले रान जागे होई.

पौर्णिमेच्या सकाळी भिवाने पडदा टांगला. माणसे पाहायला जमली होती. रंगनाथशेठ पुढे झाले आणि चिमटीत पडद्याचे टोक धरून म्हणाले, "अरे, हा तर जिलबी बांधून देतात तो कागद! भिवा, तुझ्या दत्ताला शिंक आली तर पडद्याचे काय व्हायचे रे?"

सारे हसले. भिवा म्हणाला, "खरं आहे, शेठ. कागदच आहे तो."

यमुनेला ते फार लागले. बाजूला आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही काही बोलला का नाही?"

"काय बोलू? शेठ खोटं कुठं बोलले?"

पण भिवाचे मन खट्टू झाले होते. तो महाराजांकडे गेला. "महाराज, पडदा काढून घेऊ का? देवाचं हसू होतंय."

महाराजांनी विचारले, "देवाचे होते आहे, का तुझे?"

"माझं," भिवा हळूच म्हणाला.

"मग राहू दे की."

सांज झाली. मंडप माणसांनी भरला. त्या वर्षी दोरी ओढण्याचा मान रंगनाथशेठच्या आईकडे, म्हाळसाबाईंकडे आला होता. म्हातारी पायांनी अधू आणि कानांनी जवळजवळ बहिरी. शेठनी आणि गड्याने तिला उचलून गाभाऱ्यात पाळण्यापाशी, दाराकडे पाठ करून बसवले. पडदा सोडला. आतल्या समईच्या उजेडात मोर आणि गाई उजळल्या. पाळणा सुरू झाला.

आणि घात झाला! छताखालच्या एका दिव्याची दोरी सुटली. दिवा तिरका झाला, तेल वाहिले आणि ज्योत रेशमाला भिडली. रेशीमच ते! पाहता पाहता छत पेटले. आग खांबांवरून खाली उतरली. एकच कल्लोळ झाला. माणसे लेकरे उचलून बाहेर पळाली. शेठ गर्दीच्या रेट्याने बाहेर फेकले गेले आणि तिथे त्यांना आठवले. "आई! माझी आई आत आहे!"

ते मागे वळले, पण मंडपाच्या दारावरची मखमल पेटून कोसळली होती. लोकांनी त्यांना धरून ठेवले. विहिरीकडे घागरी धावल्या.

भिवा मंडपातच होता. तो पळाला नव्हता. गाभाऱ्याच्या दारापासून तो चार हातांवर उभा होता आणि त्याला एकच गोष्ट दिसत होती. पेटलेले छत फाटून, लोंबत, त्याच्या पडद्याकडे येत होते. कागद काय असतो, हे भिवाहून कुणाला ठाऊक? पडद्याने पेट घेतला, की आग सरळ आत, म्हातारीच्या पदरावर. तो ओरडला, "अरे देवा!" आणि पडदा ओरबाडून काढायला झेपावला. महिनाभराचे काम, पण त्या क्षणी त्याला त्याचे काही नव्हते. म्हातारी वाचली पाहिजे, एवढेच.

त्याची बोटे कागदाला लागणार, तोच मागून आवाज आला. "भिवा, हात लावू नकोस."

महाराज धुरात खांबापाशी उभे होते. केव्हा आत आले, कुणी पाहिले नाही.

"महाराज, कागद आहे हो तो! पेटेल! आई आत आहेत!"

"ठाऊक आहे. असू दे."

भक्तहो, त्या घटकेला भिवाच्या जिवाची काय दशा झाली असेल! हात सांगत होते, ओढ. जन्माचा अनुभव सांगत होता, ओढ. आणि महाराज म्हणत होते, असू दे. भिवाचा हात तसाच हवेत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मग त्याने हात मागे घेतला, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

जळते छत खाली आले. बाहेरून शेठनी ते पाहिले आणि किंकाळी फोडली. ज्वाळा गाभाऱ्याच्या दाराला भिडल्या. कागदी पडदा फुगला, आत झुकला, पुन्हा बाहेर आला. पण पेटला नाही! ज्वाळा जाळीपाशी येऊन थबकल्या. वाऱ्याने दाबून धरल्यासारख्या त्या पडद्यावर टेकून राहिल्या. आणि मग सर्वांच्या कानांवर एक आवाज आला. आगीच्या पलीकडून म्हाळसाबाई कापऱ्या आवाजात पाळणा म्हणत होत्या. तिसरे कडवे संपवून चौथे. त्यांना काही कळलेच नव्हते!

"जो जो रे, बाळा जो जो…"

घागरी आल्या, पाणी पडले, रेशमाचा कोळसा फरशीवर चरचरत विझला. धूर वर निघून गेला. माणसे भीत भीत आत आली. खांब काळे पडले होते. छताची एक चिंधीही उरली नव्हती. आणि गाभाऱ्याच्या दारात पडदा होता तसाच झुलत होता. मोराच्या तुऱ्यालाही झळ नव्हती.

भिवाने पडद्याला स्पर्श केला. गार! तो चक्रावून गेला. घरून येताना त्याने कमरेला कातरणीतले तुकडे बांधून आणले होते, एखादे मोराचे पीस सुटले तर डकवायला. त्याच कागदाचा एक तुकडा काढून त्याने खांबावरच्या धुमसत्या निखाऱ्यावर धरला. भुर्रकन पेटला. बोट भाजले.

महाराज मोठ्याने हसले. "काय, खात्री झाली? कागदच आहे ना?"

"महाराज, मग हा का नाही पेटला?"

"मी काय सांगू? अग्नीला विचार. त्यालाही वाटले असेल, पलीकडे काय चालले आहे ते पाहावे. एवढी जाळी समोर आली तर कोण वाकून पाहणार नाही?"

एवढ्यात आतून म्हातारीचा स्वर आला. "अरे, कुणी पडदा काढता की नाही? जन्म कधी व्हायचा? माझा हात भरून आला."

शेठ धावत गेले. पडदा त्यांनी स्वतः सरकवला, पण किती हलक्या हाताने! सकाळी चिमटीत धरलेले तेच टोक आता दोन्ही तळव्यांवर घेतले. आईच्या मांडीवर डोके ठेवून ते हुंदके देऊ लागले. म्हातारी त्यांच्या तोंडावरची काजळी पाहून म्हणाली, "रंगा, हे काय रे तोंडाला? आधी धुऊन ये."

शेठ उठले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी आंधळा! माझ्या रेशमाने आई घेतली होती. तुम्ही परत दिलीत."

महाराजांनी पाय मागे घेतले. "मी तर नुसता उभा होतो. जो आपले काम फाडायला धावला आणि सांगितल्यावर थांबला, तो तिकडे आहे. धावणेही सोपे नव्हते आणि थांबणे तर त्याहून अवघड."

शेठ वळले. सकाळी ज्या लोकांपुढे ते हसले होते, त्याच लोकांपुढे ते भिवासमोर वाकले. भिवा इतका गडबडला, की "अहो शेठ, हे काय!" म्हणत तोही त्यांच्या पायांकडे वाकला, आणि दोघांची डोकी खाडकन एकमेकांवर आपटली. माणसे आधी हसली, मग कितीजणांनी डोळे पुसले.

"भिवा," शेठ कपाळ चोळीत म्हणाले, "मला क्षमा कर. आज शेठ तू. ताठ उभा राहा, मला नीट वाकू दे."

आणि भिवा उभा राहिला, संकोचाने अंग चोरून. शेठनी पागोटे काढून बाजूला ठेवले आणि त्या ओल्या, काळ्या फरशीवर त्यांनी भिवाच्या पायांवर डोके टेकले. महाराजांनी गुलालाची मूठ भरली. आत म्हाळसाबाईंनी पाळण्याची दोरी पुन्हा धरली, आणि काजळलेल्या तोंडांनी साऱ्या धामणवेढ्याने दत्तजन्माचा जयघोष केला. शेठ मात्र कितीतरी वेळ उठले नाहीत.