मेरुमण्यापासून पुढे

"...मग लबाड कोण? यंत्र, की तू?" निरंजनबुवांनी विचारलं.

विश्रामची कानशिलं तापली. मठातली चार कामं रोज चिठ्ठ्या टाकून ठरायची. कॉम्प्युटर नवा नवा शिकलेल्या विश्रामनं मोठ्या हौसेनं त्यासाठी प्रोग्राम लिहिला. पाच शिष्यांना पाच अंक. यंत्र काढेल तो अंक, त्याचं काम.

आणि पहिल्याच दिवशी झाडलोट, पाणी, स्वयंपाक, गोठा, सगळं एकट्या गंगाधरअण्णांच्या गळ्यात पडलं. गुडघे धरून चालणारे अण्णा! परवा ते विश्रामवर खेकसले होते. पोरानं उट्टं काढलं, असं आता मठभर झालं होतं.

"बुवा, मी काही केलेलं नाही. यंत्राच्या पोटात अंकांची एक ठरलेली लांबलचक रांग असते. उलट दर अंकाआधी त्याला बजावलंय, घड्याळातला सेकंद बघ आणि रांगेत त्या जागेवरून सुरुवात कर. याहून कसोशी ती काय करायची?"

"चार अंकांना वेळ किती लागतो?"

"पापणी लवायच्या आत काढतं," विश्राम ऐटीत म्हणाला.

बुवांनी गळ्यातली माळ त्याच्या हातात दिली. "जप कर."

माळेतला मोठा मेरुमणी सोडून त्यानं पहिला मणी ओढला. बुवांनी माळ काढून घेतली आणि मेरुमणी पुन्हा त्याच्या चिमटीत ठेवला.

"पुढचा."

पुन्हा तोच मणी. पुन्हा माळ गेली, मेरुमणी चिमटीत आला.

"पुढचा."

"पुढचा येईल कसा, बुवा? तुम्ही दर वेळी मला सुरुवातीलाच आणून..."

तो थांबला.



विश्राम अनवाणीच यंत्राकडे पळाला. सेकंद सरायच्या आत चारदा घड्याळ बघायचं, म्हणजे चारदा एकाच जागेवरून निघायचं! प्रोग्राममधली घड्याळ बघायची ओळ त्यानं पुन्हा पुन्हा अंक काढायच्या फेऱ्यातून उचलली आणि फेऱ्याच्या वर नेऊन ठेवली. एकदाच बघ, मग चालत राहा.

संध्याकाळी सगळ्यांसमोर यंत्रानं उद्याचे अंक काढले. चार. एक. दोन. दोन.

दोन म्हणजे विश्राम. स्वयंपाकही त्याचा, गोठाही त्याचा.

"अरे, लागोपाठ तूच?" अण्णा हळहळले. "एक बदल की."

"नाही बदलायचा, अण्णा. खरी चिठ्ठी अशीच पडते. जमलंय ते!" विश्राम मोठ्यानं हसला. एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता. शेणाची पाटी त्यानं आत्ताच दाराशी आणून ठेवली.

बुवांनी माळ गळ्यात घातली.

"सुरुवात तेवढी आपली. पुढचा मणी आपला नव्हे."