कातळावर दोघं

“आक्का, अजून किती तापलो म्हणजे मन शांत होईल?”

त्र्यंबकने हे विचारलं तेव्हा वैशाखातली भर दुपार होती. पूर्णेच्या काठी, मठामागच्या उघड्या कातळावर तो सकाळपासून मांडी घालून बसला होता. दिवस मावळेपर्यंत पाणी नाही, सावली नाही, जागेवरून उठणं नाही, असं व्रत त्याने आपलं आपणच घेतलं होतं.

मठातल्या वृद्ध रेवाआक्का समोर उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्याच्या शेजारी बघत होत्या.

शेजारी काजळी बसली होती. त्याने पिल्लू असल्यापासून वाढवलेली काळी कुत्री.

“हिचं व्रत कधी सुटतं?” आक्कांनी विचारलं.

त्र्यंबक हसला. “हिचं कसलं व्रत? मी म्हटलं, जा. नाही गेली. निष्ठा आहे तिची.”

त्याच्या बोलण्यात थोडा अभिमान होता.

आक्कांनी वाकून कातळावर तळहात टेकवला... आणि चटकन उचलला. मग हातातली पाण्याची वाटी काजळीपुढे ठेवली.

काजळीने वाटीकडे पाहिलंही नाही. जीभ लांब बाहेर आलेली, तोंडातून चिकट लाळ, छाती भात्यासारखी हलत होती. ती उठायला गेली. मागचे पाय लटपटले आणि ती आडवी झाली.

“काजळे...”

तिने कानसुद्धा हलवला नाही.

त्र्यंबक उठला. तिला उचलून चिंचेच्या सावलीत पळाला. “आक्का, तोंडात पाणी ओतू?”

“नको. घशात अडकेल. पाय भिजव. पोट भिजव.”

तो झाडाखालच्या माठातलं पाणी ओंजळीने तिच्यावर घालत राहिला. आक्का पदराने वारा घालत राहिल्या.

बऱ्याच वेळाने धाप मंदावली. शेपटी जमिनीवर एकदा आपटली... पुन्हा एकदा. मग काजळीने मान उचलली आणि आक्कांनी पुढे केलेली वाटी हळूहळू चाटून रिकामी केली.

त्र्यंबकने झाडाला पाठ टेकली. तिचं ओलं डोकं मांडीवर घेतलं. त्याला रडू आलं, मग हसू आलं. माठात उरलेलं पाणी तो घटाघटा प्यायला.

प्यायल्यावर त्याच्या लक्षात आलं.

“आक्का... माझं व्रत मोडलं.”

“मोडलं,” आक्का म्हणाल्या. “आता कुठे नीट बसलास.”