परक्या इंजिनाची मोटार

कोल्हापूरच्या सदानंद बेळेकरांचा धीर सुटत चालला होता, हे साऱ्या गल्लीला दिसत होतं. बायकोला, इंदूताईंना, दिवसाआड डायलिसिसला न्यायचं, आणि बंद गाडीत तर त्यांचा जीव घुसमटायचा. म्हणून सदानंदांनी वडिलांची उघड्या टपाची जुनी मोटार दुरुस्तीला काढली. रोज धावावी म्हणून इंजिन, ब्रेक नवे घातले. अडलं समोरच्या काचेपाशी. तशी काच फक्त जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष रणधीरराव यांच्याकडे होती. इंदूताईंना बसवून मोटार त्यांच्या दारात नेली.

रणधीररावांनी बॉनेट उघडून नाक मुरडलं. "पोटात परका माल? बेळेकर, गाडी बाटवलीत! हिला मी गाडीच म्हणत नाही. काच विसरा."

भोवतीची मंडळी खदखदली. इंदूताई सीटवर मान टाकून बसल्या होत्या.

सदानंद म्हणाले, "सरकार, हिच्या पोटात मूत्रपिंड माझं बसवलंय. मग हिला मी बायको म्हणू की नको, तेवढं सांगा."

हसू जागीच विरलं. रणधीररावांनी स्वतः काच आणून मोटारीत ठेवली.

"जिंकलात हो," इंदूताई हळूच म्हणाल्या. "पण तुमचं मूत्रपिंडही थकलंच की शेवटी."

सदानंदांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं, आणि तेव्हा मात्र त्यांना रडू आवरेना.