मोर, घोडा आणि पाटाचे पाणी

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक नगर वसले होते. नगराला नदी नव्हती. डोंगरात एक तलाव होता आणि त्याचे पाणी दगडी पाटाने खाली येई. तलाव आणि पाट एका शेटजींच्या ताब्यात होते. दुसरीकडून पाणी आणायची सोय नव्हती, त्यामुळे शेटजी सांगतील तो भाव लोक मुकाट्याने देत.

हे राजाच्या कानावर गेले. त्याने नियम केला की पाण्याचा भाव आणि पाटाची दुरुस्ती यांचा निवाडा पाणीपंच करील, आणि हा पंच लोकांनीच निवडावा.

नियम चांगला होता, पण नगरात दोन तट होते. वरच्या आळीचे निशाण मोर, खालच्या आळीचे घोडा. निवडणूक आली की ढोल वाजत, मिरवणुका निघत. उमेदवाराला पाण्यातले काय कळते हे कोणी विचारत नसे. निशाणाच्या फडक्यावर मोर आहे की घोडा, एवढेच बघत. शेटजी मात्र दोन्ही मिरवणुकांना जेवण घालत. त्यामुळे कोणीही निवडून आला तरी तो त्यांचे मीठ खाल्लेला असे, आणि भाव दरसाल वाढत राही.

एका वर्षी मोराच्या तटाने तुळसाबाई नावाच्या रंगारणीला उभे केले. ती वरच्या आळीत कापड रंगवी आणि स्वभावाने सगळ्यांना आवडे.

"मला निवाड्यातलं काय कळतं?" ती म्हणाली.

"कळायला कशाला हवं?" तटाचा पुढारी हसला. "फडक्यावर मोर आहे, तेवढं पुरे."

आणि खरेच, तुळसाबाई निवडून आली.

थोड्याच दिवसांत शेटजींनी मागणी केली. पाट जुना झाला आहे, दुरुस्ती करायची तर भाव दीडपट हवा. त्याच संध्याकाळी पुढारी तुळसाबाईच्या दारी आला.

"हो म्हणून टाक," तो म्हणाला. "आणि दुरुस्ती आपल्या आळीत करून घे. घोडेवाल्यांनी तुला एकही मत दिलेलं नाही, हे विसरू नकोस."

तुळसाबाईला ते खोटेही वाटले नाही. खालच्या आळीशी तिचेही कधी जमले नव्हते. तरी ती म्हणाली, "आधी पाट बघून येते, दादा. न बघता कशावर बोलू?"

दुसऱ्या दिवशी ती पाटाच्या कडेने चालत निघाली. वरच्या आळीत दोन-चार दगड तेवढे निखळले होते. खालच्या आळीत मात्र भिंतच खचली होती. पाणी जमिनीत मुरत होते आणि जे उरे ते गढूळ. तिथे एक म्हातारी घागरीच्या तोंडाला लुगड्याचा तुकडा लावून पाणी गाळत बसली होती. फडके एका बाजूने सारखे निसटत होते.

"मोराची पंच ना तू?" म्हातारी म्हणाली. "आमच्याकडे तुझं काय काम?"

तुळसाबाईने खाली बसून फडक्याचे निसटणारे टोक धरले. घागर भरत आली तेव्हा तिने विचारले, "आजी, घोड्याचा पंच होता तेव्हा तरी कोणी बघायला आलं होतं का?"

"नाही ग," म्हातारी म्हणाली. "तेव्हाही मी अशीच गाळत बसायची."

तुळसाबाई घरी परतायला निघाली. काय करायला हवे ते तिला दिसत होते, आणि त्याने कोण दुखावेल तेही.

निवाड्याच्या दिवशी चावडीवर दोन्ही आळ्या जमल्या. तुळसाबाई म्हणाली, "पाट फुटला आहे, शेटजींचं म्हणणं खरं आहे. पण दीडपट भाव लागणार नाही. दुरुस्तीपुरताच वाढेल आणि काम झालं की उतरेल. काम खालच्या आळीतून सुरू होईल."

पुढारी ताडकन उठला. "तुला निवडून कोणी दिलं?"

"तुम्हीच दिलंत, दादा," ती म्हणाली. "पण पाट एकच आहे. खाली पाणी वाया जातं, त्याचा भुर्दंड आपणही भरतो."

मोराच्या तटातून तिला बाहेर काढले. शेजारणी अबोला धरून बसल्या आणि रंगवायला येणारे कापड थांबले. रात्री तिला वाटे, आपण चुकलो तर नाही? पण सकाळी ती पुन्हा पाटाच्या कामावर जाऊन उभी राही. उन्हाळ्यापूर्वी भिंत पुरी झाली. गळती थांबली तसे खाली स्वच्छ पाणी आले, तलावही लवकर आटला नाही, आणि भर उन्हाळ्यात वरच्या आळीचे हौदही पहिल्यांदाच भरलेले राहिले. ठरल्याप्रमाणे भाव उतरला. शेटजी कुरकुरले, पण मुरून जाणारे पाणी आता विकले जात होते, म्हणून गप्प बसले.

पुढच्या निवडणुकीत तुळसाबाई निशाणाशिवाय उभी राहिली. चौकात घोड्याच्या उमेदवाराचे भाषण चालले असताना ती म्हातारी पुढे झाली.

"बाबा, तू आमच्याच आळीचा. पाटाची भिंत कुठून कुठपर्यंत खचली होती, सांग बरं."

उमेदवाराने आपल्या पुढाऱ्याकडे बघितले. पुढाऱ्याने मोराच्या उमेदवाराकडे बघितले. त्यालाही ठाऊक नव्हते. आधी कोणीतरी हसले, मग सगळा चौक हसू लागला.

तुळसाबाईला दोन्ही आळ्यांनी मते दिली. मोर आणि घोडा हे तट नगरात पुढेही राहिले, जत्रेत त्यांच्या कुस्त्याही रंगत. पण पाणीपंच व्हायचे असेल, तर उमेदवार आधी तलावापर्यंत पाट चढून जाई, आणि लोक त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघून मग प्रश्न विचारत.

तात्पर्य: ज्याच्या हाती सर्वांचे पाणी सोपवायचे, त्याचे निशाण पाहू नये, त्याने काम पाहिले आहे का आणि तो परक्यालाही न्याय देईल का, ते विचारावे.